जेट विमानाचं मॉडेल किट विकायचंय? साचा नंतर, आधी 20 बॉक्स!



देशातलं पहिलं सैनिक स्कूल 1961 मध्ये साताऱ्यात सुरू झालं. सातारा-सांगलीत फौजी घरं किती, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यात 26 सप्टेंबर 2025 ला मिग-21 हवाई दलातून निवृत्त झालं. हे विमान आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बनायचं. मग त्याचं जोडायचं छोटं किट काढलं तर? कल्पना चांगली आहे. पण पैसे कुठे घालायचे, ते आधी बघू.

पहिलं, माप ठरवा. मिग-21 च्या पंखांची रुंदी 7.15 मीटर. 1:72 मापात ती साधारण 10 सेंटीमीटर होते, 1:48 मध्ये 15. माप बदललं की बॉक्स, कुरिअर आणि किंमत, सगळंच बदलतं.

दुसरं, साच्याची घाई नको. प्लास्टिक किटला धातूचा साचा लागतो. समजा, साच्याला 5 लाख गेले आणि एका किटमागे 150 रुपये सुटले, तर नुसता साचा वसूल व्हायलाच 3,334 किट विकावी लागतील! त्यापेक्षा पातळ प्लायवूडचे खाचेत बसणारे भाग लेझर कटिंगवाल्याकडून कापून घ्या. भाग सैल बसला तर फाईल दुरुस्त करायची, बस्स. साच्यात चूक निघाली तर पुन्हा धातूकाम आणि पुन्हा खर्च.

तिसरं, फक्त 20 बॉक्स बनवा आणि पैसे घेऊनच विका. फुकट दिलं की सगळेच "छान आहे" म्हणतात. गिऱ्हाईक जोडायला बसलं की शेजारी बसा, पण तोंड उघडू नका. त्याचा हात जिथे अडला, तिथे तुमचं सूचनापत्रक कच्चं आहे.

चौथं, कायदा. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. आपलं किट खेळणं म्हणून विकायचं की मोठ्यांच्या छंदासाठी, हे बॉक्स छापायच्या आधी ठरवा आणि बीआयएसकडे विचारून घ्या.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आठवा. माल चोख होता, पण लोखंडानं जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज! सुरुवातीला गिऱ्हाईकच मिळेना. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानाच्या जागेवर किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे काय, माल चांगला असून भागत नाही, गिऱ्हाईकाच्या मनातली शंकाही काढावी लागते.

तेव्हा या आठवड्यात एकच काम करा. पुठ्ठ्याचा नमुना कापा, पाच जणांना दाखवा आणि विचारा, "आगाऊ पैसे भरणार का?" किती जण खिशात हात घालतात, ते मोजा. पुढचा खर्च त्या आकड्यावर ठरवा.