लव्ह ग्रोव्हचं पाणी कुठे जातं?

वरळीच्या लव्ह ग्रोव्ह उदंचन (पंपिंग) केंद्राच्या नावात प्रेम आहे, बाग आहे. हवेत मात्र दुसरंच काही असतं. मुंबईच्या मोठ्या भागातलं मैलापाणी जमिनीखालून उतारा-उतारानं इथे येतं. आधी त्याला जाळ्या लागतात. चिंध्या, प्लास्टिक, संडासात टाकू नये ते सगळं तिथे अडकतं. मग प्रवाह संथ केला की वाळू-खडे तळाशी बसतात. एवढीच प्रक्रिया. विरघळलेली घाण आणि जंतू पंपाबरोबर पुढे जातात.

पुढे म्हणजे खोल विहिरीत, आणि तिथून समुद्रतळाखालच्या खडकात खोदलेल्या बोगद्यात. पालिकेच्या भाषेत हे 'पातमुख'. वरळीचं सुमारे 3.4 किलोमीटर लांब, वांद्र्याचं 3.7. जागतिक बँकेच्या कर्जातून गेल्या शतकाच्या अखेरीस ही कामं सुरू झाली. त्याआधी हाच मैला किनाऱ्यालगत सोडला जाई. बोगद्याच्या टोकाला उभे नळ आहेत. मैलापाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे नळाच्या तोंडातून ते धुरासारखं वर चढतं आणि चढता चढताच समुद्रात मिसळून पातळ होतं. उरलेल्या जंतूंचा समाचार ऊन आणि मीठ घेतात, भरती-ओहोटी बाकीचं पसरवते. हिशोब चोख आहे, फक्त तो समुद्राच्या मोठेपणाच्या भरवशावर मांडलेला आहे. मैल्यातले नत्र आणि स्फुरद उन्हानं मरत नाहीत.

खाडीकडे तर हा भरवसाही तोकडा. घाटकोपर आणि भांडुपचं पाणी तळ्यांमध्ये हवा देऊन ठाण्याच्या खाडीत सोडलं जातं, जिथे रोहित पक्षी उतरतात. मालाडची खाडी अरुंद. तिथे आलेलं पाणी लवकर बाहेर पडत नाही.

19 जानेवारी 2023 रोजी सात नव्या मलजल प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली. एकूण क्षमता रोज 2,464 दशलक्ष लिटर, त्यातली 500 वरळीची. कामं पुरी झाली तर पातमुखातून जाणारं पाणी बरंच स्वच्छ असेल. पण केंद्र शुद्ध करणार ते केंद्रापर्यंत पोचलेलंच पाणी. ज्या वस्त्यांना मलवाहिनी नाही, त्यांचा मैला नाल्यात जातो, आणि नाला थेट समुद्रात. लव्ह ग्रोव्ह नावाचं दुसरंही एक उदंचन केंद्र वरळीतच आहे, ते पावसाच्या पाण्यासाठी. कागदावर पावसाचं आणि मैल्याचं पाणी वेगळं. एप्रिलमध्ये मुंबईत थेंबभर पाऊस नसतो, तरी नाले वाहतच असतात.