शिबिराचे दिवस संपल्यानंतर

अल्पसंख्य समाजाला छळाची भीती असते, तशी आजूबाजूच्या मोठ्या समाजात विरघळून जाण्याचीही भीती असते. अमेरिकेतील ज्यू समाज गेली अनेक दशके या दुसऱ्या भीतीचा विचार करीत आला आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२० सालच्या पाहणीनुसार तेथे सुमारे ७५ लाख ज्यू राहतात. देशातील प्रौढ लोकसंख्येत त्यांचे प्रमाण २.४ टक्के एवढे आहे. २०१० नंतर विवाहबद्ध झालेल्या ज्यूंपैकी ६१ टक्के लोकांचे जोडीदार ज्यू नाहीत, असेही या पाहणीत आढळले. त्यापूर्वी १९९० च्या राष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण ५२ टक्के सांगितले गेले, तेव्हा आकड्याच्या अचूकतेवरून तज्ज्ञांमध्ये वाद झाला. पण समाजाला बसलेला हादरा खरा होता. पुढच्या पिढीला ज्यू म्हणून जगावेसे वाटावे यासाठी काय करता येईल, याचा शोध सुरू झाला, आणि समाजधुरीणांची नजर एका जुन्याच संस्थेकडे वळली. ती म्हणजे मुलांची उन्हाळी निवासी शिबिरे. या शिबिरांना बळ देण्यासाठी १९९८ मध्ये ‘फाउंडेशन फॉर ज्यूइश कॅम्प’ ही संस्था स्थापन झाली.

शिबिर मुलांना घडवते, याविषयी आज फारसे दुमत नाही. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. मुले अठरा वर्षांची होतात, महाविद्यालयात जातात, मग नोकरीनिमित्त दूरच्या शहरात स्थिरावतात. शिबिराने दिलेले तेव्हा त्यांच्यापाशी किती उरते आणि ते टिकते तरी कसे?

तळ्याकाठचे गाव

या शिबिरांचा आरंभ धार्मिक हेतूने झालेला नव्हता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांची मुले न्यूयॉर्कच्या कोंदट वस्त्यांतून राहत होती. त्यांना चार दिवस मोकळी हवा आणि पोटभर अन्न मिळावे, हा मूळ उद्देश होता. १९०२ मध्ये सुरू झालेले ‘सरप्राइज लेक कॅम्प’ हे त्याचे ठळक उदाहरण. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. युरोपातील ज्यू विद्येची केंद्रे उद्ध्वस्त झाली होती आणि अमेरिकेतील ज्यू कुटुंबे उपनगरांत विखुरली जात होती. परंपरा शिकवण्याची जबाबदारी आता आपल्यावर आली आहे, अशी जाणीव तेथील धुरीणांना झाली. कॉन्झर्वेटिव्ह पंथाने १९४७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील कॉनोव्हर येथे पहिले ‘रामा’ शिबिर भरवले. रिफॉर्म पंथाने १९५२ मध्ये त्याच राज्यात ओकोनोमोवॉक येथे आपले शिबिर उघडले. आज अशा निवासी शिबिरांची संख्या दीडशेहून अधिक आहे.

मुले येथे एका वेळी कित्येक आठवडे राहतात. पोहणे, नौकानयन, नाटक, खेळ हे सारे असतेच. पण दिवसाची मांडणी ज्यू पद्धतीची असते. भोजनगृहाला, खोल्यांना हिब्रू नावे असतात. जेवणाआधी आणि नंतर प्रार्थना होतात. शुक्रवारी सूर्यास्ताच्या सुमारास सारे स्वच्छ, बहुधा पांढरे कपडे घालून शब्बाथच्या स्वागतासाठी जमतात. शनिवारी रात्री पीळदार मेणबत्ती आणि सुगंधी मसाल्यांच्या साक्षीने शब्बाथला निरोप दिला जातो. शाळेत वर्गातला एकुलता एक ज्यू असलेला मुलगा येथे प्रथमच बहुसंख्याकांत असतो. आपण कोण आहोत हे त्याला कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

या अनुभवाचा परिणाम दीर्घकाळ टिकतो, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. बालपणी शिबिरात गेलेल्या प्रौढांमध्ये शब्बाथची मेणबत्ती लावण्याची शक्यता इतरांपेक्षा ३७ टक्क्यांनी, तर महिन्यातून किमान एकदा सिनेगॉगमध्ये जाण्याची शक्यता ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. अर्थात, शिबिरात मुले पाठवणारी घरे मुळातच परंपरेची जपणूक करणारी असतात, हा आक्षेप येथे रास्त ठरतो. अभ्यासकांनी घरच्या संस्कारांचा आणि शिक्षणाचा प्रभाव वेगळा काढण्याचा प्रयत्न केला होता. तरीही असे पृथक्करण पूर्णतः साधत नाही, हे ध्यानात ठेवूनच या आकड्यांकडे पाहावे.

घंटा न वाजणारे आवार

महाविद्यालयात पाऊल ठेवताच शिबिराची चौकट गळून पडते. प्रार्थनेची घंटा तेथे कोणी वाजवत नाही. शुक्रवारची संध्याकाळ ही वसतिगृहातील मौजमजेचीही वेळ असते. शिबिरातील जिवलग मित्र देशाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतील विद्यापीठांत विखुरलेले असतात. शिबिरात समाज आयता मिळालेला असतो, येथे तो निवडावा लागतो आणि पुष्कळदा उभाही करावा लागतो.

संस्थांचा आधार येथे नाही असे नाही. इलिनॉय विद्यापीठात १९२३ मध्ये सुरू झालेली ‘हिल्लेल’ ही ज्यू विद्यार्थ्यांची संस्था आज आठशेहून अधिक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते. हसिदी परंपरेतील ‘खबाद’ या पंथाने १९६९ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाजवळ पहिले केंद्र काढले. तेथे रब्बी आणि त्यांची पत्नी आपल्या घरीच विद्यार्थ्यांना जेवू घालतात. तरीही इमारत आणि जेवण एवढ्याने माजी शिबिरार्थी तेथे खेचला जाईलच असे नव्हे. त्याला ओढ असते ती ओळखीच्या चेहऱ्यांची आणि सवयीच्या चालींची. ती न लाभल्यास तो एकदा येऊन जातो आणि पुन्हा फिरकत नाही.

यावर उपाय शिबिराच्या रचनेतच दडलेला आहे. या शिबिरांतील गटप्रमुख हे बहुतेक करून अठरा ते बावीस वर्षांचे, म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थीच असतात. काल ज्याच्या अंथरुणाची घडी दुसरे कोणी तपासत होते, तो आज दहा-बारा मुलांची काळजी वाहतो, त्यांची भांडणे सोडवतो, शब्बाथची गाणी सांगतो. समाज कसा चालवावा याचे प्रत्यक्ष शिक्षण त्याला येथे मिळते. हे कौशल्य सप्टेंबरमध्ये विद्यापीठाच्या आवारात उतरले, तर तो तेथे केवळ पाहुणा न राहता यजमान होतो. वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात आठ जणांचे शुक्रवारचे जेवण करणे, गिटार घेऊन सूर धरणे, नव्याने आलेल्याला नावाने हाक मारणे, ही कामे दिसायला लहान असली तरी समाज त्यांतूनच बांधला जातो. हिल्लेलनेही एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे ओळखले आणि केंद्राकडे न फिरकणाऱ्या विद्यार्थ्यांना जाऊन भेटण्याचे काम विद्यार्थ्यांवरच सोपवले.

यात एक धोकाही आहे. एकाच शिबिराचे माजी विद्यार्थी जमले की त्यांची खास गाणी, खास विनोद आणि जुन्या आठवणी सुरू होतात. शिबिरात कधीच न गेलेला विद्यार्थी मग कोपऱ्यात अवघडून बसतो. निवासी शिबिराचे शुल्क हजारो डॉलरच्या घरात जाते, आणि प्रथमच येणाऱ्यांना अनुदान मिळत असले तरी अनेक कुटुंबांना ते परवडत नाही. अशा वेळी माजी शिबिरार्थींचा मेळा समाज जोडण्याऐवजी त्याचे दोन भाग करतो.

दुसरा ताण विचारांचा आहे. इस्रायलविषयीची आत्मीयता हा बहुतेक शिबिरांतील शिकवणुकीचा भाग असतो. महाविद्यालयात त्याच विषयाची दुसरी, पॅलेस्टिनींची बाजू कानी पडते. २०१७-१८ मध्ये काही माजी शिबिरार्थींनी ‘हे आम्हाला का सांगितले नाही’ असा जाब आपल्या शिबिरांना जाहीरपणे विचारला. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर अमेरिकी विद्यापीठांत जे वातावरण तापले, त्यात हा प्रश्न अधिकच टोकदार झाला. आधाराच्या शोधात अनेक विद्यार्थी ज्यू केंद्रांकडे वळले, तर काहींना तेथे आपल्या मतांना जागा नाही असे वाटले. ज्यांना समाज टिकवायचा आहे, त्यांना मतभेद असलेल्यांसोबत एका पंगतीला बसण्याची सवयही लावावी लागेल.

पदवीनंतरची पोकळी

बावीस ते तीस-बत्तीस या वयात तर संस्थांचा धागा सर्वांत विरळ असतो. सिनेगॉगची रचना प्रामुख्याने मुलेबाळे असलेल्या कुटुंबांभोवती असते. अविवाहित तरुणाला तेथे आपले असे फारसे काही सापडत नाही. या पोकळीला शिबिरांत वाढलेल्या पिढ्यांनी वेळोवेळी स्वतःच उत्तर दिले आहे. १९६८ मध्ये बोस्टनजवळ ‘हावुरात शालोम’ हा छोटा प्रार्थनासमूह उभा राहिला. गोलाकार बसून, वेतनधारी पुरोहिताविना उपासना करणाऱ्या या चळवळीत रामा शिबिरांचे संस्कार घेतलेले अनेक जण होते. रिफॉर्म शिबिरांत गिटारवर गाणी शिकवणाऱ्या डेबी फ्रीडमन यांच्या चाली पुढे सिनेगॉगच्या उपासनेत रूढ झाल्या. २०११ मध्ये त्यांच्या निधनानंतर हिब्रू युनियन कॉलेजच्या संगीत विद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले.

अलीकडचे प्रयोग घराभोवती फिरतात. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे चार मित्रांच्या घरातून ‘मोइशे हाउस’ सुरू झाले. एकत्र राहणाऱ्या तरुणांना घरभाड्यात साहाय्य मिळते, त्याबदल्यात ते दरमहा आपल्या वयाच्या लोकांसाठी ठरावीक कार्यक्रम घरी करतात. २०१४ मध्ये सुरू झालेली ‘वनटेबल’ ही संस्था शुक्रवारचे जेवण घरी घालणाऱ्या तरुण यजमानांना खर्चासाठी मदत करते. या दोन्ही योजनांचे मर्म एकच आहे. तरुणांसाठी कार्यक्रम आखण्यापेक्षा त्यांच्या हाती घराची किल्ली आणि जबाबदारी द्यायची.

मराठी वाचकाला हा विषय अगदीच परका वाटू नये. ज्यू परंपरेत सामूहिक प्रार्थनेसाठी दहा जणांचा गणसंख्येचा नियम आहे, आणि १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला गेल्यापासून कोकणातील सिनेगॉगमध्ये हे दहा जण जमवणे किती कठीण झाले आहे, हे अलिबाग परिसराला ठाऊक आहे. हंगेरीतील सार्वाश येथे १९९० पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय ज्यू शिबिरात भारतातील ज्यू मुलेही गेली आहेत. आपल्यासारखी आणखी शेकडो मुले जगात आहेत, हे पाहिलेल्या मुलाला मुंबईत परतल्यावर जो प्रश्न पडतो, तोच शिकागोतल्या विद्यार्थ्यालाही पडतो. आता दहावा माणूस कुठून आणायचा?

२०२० मध्ये महासाथीमुळे बहुतेक निवासी शिबिरे भरलीच नाहीत. त्या उन्हाळ्यात ज्यांना जायचे होते, त्यांतील अनेक मुले आता महाविद्यालयांत पोहोचली आहेत. त्यांच्यासाठी शिबिराने उभारलेली तयार चौकट एका वर्षी नव्हतीच. अशा सहाध्यायांना शुक्रवारच्या जेवणाचे निमंत्रण देण्याचे काम माजी शिबिरार्थींचे आहे. ते त्यांनी केले, तर शिबिरात शिकलेल्या गोष्टी शिबिराबाहेरही उपयोगी पडल्या असे म्हणता येईल.