यदृच्छ जाळी आणि अनातोल रॅपोपोर्ट

अनातोल रॅपोपोर्ट (१९११–२००७) ह्यांचा जन्म युक्रेनमधील. प्रथम ते पियानोवादक होते. गणिताकडे ते उशिरा वळले आणि १९४१ मध्ये शिकागो विद्यापीठाचे डॉक्टर झाले. महायुद्धानंतर ते तेथेच निकोलस राशेव्हस्की ह्यांच्या गणिती जीवशास्त्राच्या मंडळात दाखल झाले.

१९५१ मध्ये रे सोलोमोनॉफ ह्यांच्यासह त्यांनी एक साधा दिसणारा प्रश्न मांडला. मज्जापेशींच्या एखाद्या प्रचंड समूहात प्रत्येक पेशीपासून सरासरी 'क' तंतू निघतात व ते केवळ यदृच्छेने इतर पेशींना जाऊन भिडतात, असे समजू. एका पेशीपासून निघालेला संदेश एकूण पेशींच्या किती अंशापर्यंत पोहोचेल? हा अंश 'ग' मानल्यास, एखादी पेशी वगळली जाण्याची संभाव्यता म्हणजे पोहोचलेल्या पेशींचे सर्व तंतू तिला चुकण्याची संभाव्यता होय. ती ई ह्या संख्येच्या उणे 'कग' घाताइतकी येते. अर्थात 'ग' म्हणजे एकातून ही राशी वजा केल्यावर उरणारी संख्या.

ह्या समीकरणाचे वर्तन मोठे विलक्षण आहे. 'क' एकाहून अधिक नसेल तर 'ग' शून्यच. एकाची मर्यादा ओलांडताच मात्र, साखळी आरंभीच खुंटली नाही तर, क = १.१ असता सुमारे १८ टक्के, १.५ असता ५८ टक्के आणि २ असता ८० टक्के पेशी संदेशाच्या कक्षेत येतात. मज्जापेशींच्या जागी माणसे व तंतूंच्या जागी संसर्ग कल्पिल्यास हेच समीकरण साथीचा विस्तार सांगते. पॉल एर्डश व आल्फ्रेड रेन्यी ह्या हंगेरियन गणितज्ञांनी हीच मर्यादा पुढे १९६० मध्ये काटेकोर सिद्धतेसह मांडली.

परंतु माणसे यदृच्छेने मैत्री करीत नाहीत. ह्या गृहीताची परीक्षा रॅपोपोर्ट ह्यांनी स्वतःच घेतली, हे विशेष. मिशिगनमधील एका शाळेतील मुलांना आपल्या आठ मित्रांची नावे क्रमाने लिहावयास सांगितली होती. होर्वाथ ह्यांच्यासह केलेले तिचे विश्लेषण १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या-दुसऱ्या मित्रांच्या दुव्यांनी पुढे जावे तर थोडीच मुले गाठली जात, कारण मित्राचा मित्र बहुधा आपलाच मित्र निघे. सातव्या-आठव्या मित्रांच्या वाटेने मात्र पुष्कळच अधिक. दृढ स्नेहाचे वर्तुळ स्वतःभोवतीच मिटते, तर वार्ता आणि रोग दूरवर जातात ते तुटपुंज्या ओळखींवरून. मार्क ग्रॅनोव्हेटर ह्यांच्या १९७३ च्या प्रसिद्ध सामाजिक विवेचनाला ह्याच निष्कर्षाचा आधार लाभला.

मज्जापेशींविषयीचा मूळ प्रश्न एका सूक्ष्म कृमीच्या बाबतीत १९९८ मध्ये वॉट्स व स्ट्रोगॅट्झ ह्यांनी पुन्हा हाती घेतला. त्याच्या २८२ पेशींच्या जाळ्यात कोणत्याही दोन पेशींमधील सरासरी अंतर २.६५ दुवे भरले. तितक्याच यदृच्छ जाळ्यात ते २.२५ असते. शेजाऱ्यांचे परस्परसंबंध मात्र ०.०५ च्या जागी ०.२८, म्हणजे पाचपटींहून अधिक, आढळले.