गोल्फची ओळख – लेखांक ९ : झाडाखालचा चेंडू

अडचणीत गेलेला चेंडू पुन्हा खेळण्याजोग्या जागी आणणाऱ्या फटक्याला गोल्फमध्ये रिकव्हरी शॉट म्हणतात. चेंडू झाडीत गेलेला असतो, रफमधल्या उंच गवतात रुतलेला असतो, नाहीतर ओढ्याच्या काठाशी थांबलेला असतो. या फटक्याकडून एकच अपेक्षा असावी : पुढचा फटका सोपा व्हावा. याच फटक्यात मागची चूकही भरून काढायची असे ठरवले की खेळाडू आगीतून फुफाट्यात पडतो.

दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या सीएमईच्या आवारात गोल्फचे मैदान आहे. तिथे किंवा येरवड्याजवळच्या पूना क्लबच्या मैदानावर पार चारच्या होलवर पहिला फटका उजवीकडे वाहवला आणि चेंडू झाडांच्या बुंध्यांशी जाऊन बसला, असे समजू. समोर दोन खोडांमध्ये हातभर फट आहे आणि फटीतून ग्रीनवरचा झेंडा दिसतो आहे. डावीकडे फेअरवेपर्यंत वाट मोकळी आहे, पण तिकडून ग्रीन काही जवळ येत नाही. फट दिसली की हात शिवशिवतात. हिशेब मात्र वेगळे सांगतो. चार वेळा फटीतून मारले आणि एकदा साधले, तर त्या वेळी चार फटके लागतील. उरलेल्या तीन वेळा चेंडू खोडावर आपटून आणखी आत गेला आणि प्रत्येकी सात लागले, तर एकूण पंचवीस झाले. चारही वेळा चेंडू बाजूला काढून पाचात होल संपवले, तर वीस. चारात एकदा साधेल हा अंदाजही हौशी खेळाडूच्या बाबतीत उदारच म्हणायचा.

क्रिकेट पाहणाऱ्याला हे नवीन नाही. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडून देणाऱ्या सलामीच्या फलंदाजाला मुंबईच्या मैदानांवर ‘खडूस’ म्हणतात आणि ते कौतुकच असते.

झाडाखालून चेंडू काढायला बहुधा पंच शॉट लागतो. पाच, सहा किंवा सात नंबरचे आयर्न घ्यायचे, दांडा थोडा खाली धरायचा, चेंडू मागच्या पायाकडे ठेवायचा, हात चेंडूच्या पुढे राखायचे आणि फटका अर्ध्यातच आवरायचा. चेंडू फांद्यांखालून सरपटत निघतो. नेम मोकळ्या वाटेच्या सर्वांत रुंद भागावर धरायचा. उंच गवतात याच्या उलट करावे लागते. गवत क्लबच्या मानेला गुंडाळते आणि क्लबचे तोंड मिटते, म्हणून पकड घट्ट ठेवून जास्त उताराचा क्लब, अगदी वेजसुद्धा, घ्यावा लागतो. पुण्याकडे ऋतूही लक्षात घ्यावा लागतो. श्रावणातले ओले गवत चेंडू धरून ठेवते. मे महिन्यात जमीन टणक झालेली असते, तेव्हा तोच पंच शॉट फेअरवे ओलांडून पलीकडच्या रफमध्ये जातो. दिशा बरोबर आणि जोर चुकला, हा प्रकार नवशिक्यांच्या ध्यानातच येत नाही.

चेंडू मारताच येत नसेल तर नियम १९ आहे. एक दंडाचा फटका घेऊन दोन क्लब-लांबींच्या आत, पण होलच्या जवळ न जाता, चेंडू टाकता येतो. झेंडा आणि चेंडू यांच्या सरळ रेषेत मागे जाता येते, किंवा आधीच्या जागेवरून पुन्हा मारता येते. हा दंड अनेकांना अपमान वाटतो, पण झाडावर वाया घालवलेले दोन फटके त्यापेक्षा महाग पडतात.

मनाचा भाग इथेच येतो. चूक झाली की श्वास वरवर चालतो, पकड आवळते, स्विंग घाईचा होतो आणि निर्णयही तसाच. उपाय साधे आहेत : चेंडूपर्यंत सावकाश चालत जाणे, श्वास पूर्ण सोडणे, आणि आधी चेंडूची जागा पाहून मगच क्लबला हात घालणे.

असा निर्णय चुकला की काय होते, याचे उदाहरण : १९९९च्या ब्रिटिश ओपनमध्ये कार्नूस्टीला फ्रान्सचा जाँ व्हान द वेल्ड शेवटच्या होलवर तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटके लागले तरी तो विजेता ठरणार होता. त्याचा दुसरा फटका प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटून मागे आला आणि चेंडू ओढ्याअलीकडे दाट गवतात पडला. तिसऱ्यात चेंडू बाजूला फेअरवेवर, चौथ्यात ग्रीनवर, पुढे दोन पट : सहा झाले असते. त्याने ग्रीनकडेच मारले आणि चेंडू ओढ्यात गेला. बूट-मोजे काढून, पँट दुमडून तो पाण्यात उभा राहिला, तिथूनच खेळावे का याचा विचार करत. शेवटी त्याने दंड घेतला. पाचवा फटका बंकरमध्ये पडला. सातव्या फटक्याचा पट मात्र त्याने घातला आणि बरोबरी साधली, पण प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला.

मन स्थिर ठेवण्यासाठी पुण्यात १९८७ साली जन्मलेला गोल्फपटू अनिर्बान लाहिरी विपश्यना करतो. इगतपुरीच्या केंद्रामुळे हा शब्द मराठी वाचकाला सवयीचा आहे. मार्च २०२२मध्ये फ्लॉरिडात सॉग्रासच्या प्लेयर्स स्पर्धेत तो जेतेपदाच्या अगदी जवळ आला होता. त्याच्या पुढे असलेल्या कॅमेरॉन स्मिथचा शेवटच्या होलवरचा पहिला फटका उजवीकडे झाडांत गेला. स्मिथने सुरक्षित पंच शॉट निवडला, पण जोर जास्त झाला आणि चेंडू फेअरवे ओलांडून थेट डावीकडच्या तळ्यात गेला. निर्णय योग्य असूनही असे होते. दंड घेऊन, सुमारे साठ यार्डांवरून त्याने पुढचा चेंडू होलपासून काही फुटांवर आणून ठेवला आणि बोगीवर होल संपवले. लाहिरी एका फटक्याने मागे राहिला. स्मिथला ३६ लाख डॉलर मिळाले, लाहिरीला २१ लाख ८० हजार.