तंबूपासून पायी

भंडारदऱ्याला तंबू ठोकणारे बरेचजण सकाळी गाडी काढून पायथ्याच्या बारी गावाला पोचतात आणि कळसूबाई चढतात. १६४६ मीटर उंचीचा मान त्या शिखराला आहेच. पण तंबूतल्या मुक्कामाची खरी कमाई म्हणजे पहाट, ती गाडीत का घालवायची? त्याऐवजी रतनवाडी गावात राहिलं तर अमृतेश्वराचं कोरीव देऊळ, शेजारची पुष्करणी आणि रतनगडाच्या पायथ्याची भातखाचरं, सगळं पायी. शिखराविना चालण्यात काय मजा, असं कुणी म्हणेल. पण चढणीवर नजर पायाखालच्या दगडात अडकते. सपाटीवर ती मोकळी असते, खाचरातल्या ढोकरी बगळ्यावरही स्थिरावते. वाटांना पाट्या नाहीत, ही तक्रार मात्र रास्त. त्यावर गावातला वाटाड्या घ्यावा. पावसाळ्यात खाचरांचे बांध निसरडे, शिवाय नुकते लिंपलेले. मालकाला विचारूनच पाऊल टाकावं.