अजिंठ्याच्या चेहऱ्यांपुढे

वर्ध्याजवळचे पवनार हीच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले. विनोबांच्या आश्रमाची जमीन खणताना भरतभेटीचे शिल्प निघाले, तेही वाकाटककालीन. याच घराण्याच्या वाशीमच्या शाखेच्या काळात अजिंठ्याची सोळावी-सतरावी लेणी रंगली, आणि चौदाशे वर्षांनी त्या भिंती मुंबईच्या तरुण चित्रकारांची शाळा झाल्या.

१८७२ पासून सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यात तिथे प्रतिकृती करायला जाऊ लागले. पुढे व्यक्तिचित्रांसाठी नावाजलेले पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. ही मुले प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश शिकलेली. अजिंठ्यात पडछाया नाहीच. गेरूची रेघ, तिच्या आत रंग, वरून पुन्हा ठाम रेघ; नाकावर, ओठांवर, हनुवटीवर थोडी उजळ छटा, की चेहरा भरीव! सोळाव्या लेण्यातली मरणासन्न राजकन्या बघा. मान कलंडलेली, डोळे अर्धे मिटलेले. पापणीची रेघ केसभर सरकली तरी वेदना जाते आणि नुसती झोप उरते. चित्र बघणाऱ्याच्या नजरेतून ही रेघ सहज निसटते. नक्कल करणाऱ्याला मात्र तिच्यापाशी थांबावेच लागते. पेस्तनजींनी १८८२ मध्ये पोपटाला भरवणारी मुलगी रंगवली. तंत्र युरोपीय तैलरंगाचे, पण त्यातली स्तब्धता मला अजिंठ्याचीच वाटते.

या शिक्षणाची किंमत जबर होती. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींना लावलेले व्हार्निश पुढे काळवंडले आणि रंगाचे पोपडे निघाले. लंडनला पाठवलेल्या कितीतरी प्रतिकृती १८८५ मध्ये तिथल्या आगीत जळाल्या. ही हानी मला अजूनही सलते.

१९०९ मध्ये लेडी हेरिंगहॅम यांच्या मोहिमेत चित्रकार नंदलाल बोस अशाच प्रतिकृती करायला अजिंठ्याला आले. दांडीयात्रेतल्या गांधीजींचे त्यांचे १९३० चे लिनोकट आठवा: मोजक्या रेघा, आणि अख्खा माणूस उभा.

त्यांचे शिष्य देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम शिक्षणात कलाशिक्षक झाले. ते मुलांना गिरवायला चित्र देत नसत. मुलांनी आपले आपण काढावे, हा त्यांचा आग्रह. गुरू नकलेतून घडला आणि शिष्याने नक्कल नाकारली, असे वरवर दिसते. पण देवीप्रसादांपुढे लहान मुले होती; पेस्तनजी विशी ओलांडून अजिंठ्याला गेले होते, आणि नंदलाल तिथे गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते.