झाशीला सात तास

मुंबई–दिल्ली लोहमार्गावरचे झाशी हे गाडी बदलण्याचे ठिकाण. भोपाळ, ग्वाल्हेर, कानपूर आणि माणिकपूर अशा चार बाजूंचे रूळ इथे एकत्र येतात. पाठीवर बॅग टाकून स्वस्तात फिरणारे, त्यांत परदेशी तरुण बरेच, आग्र्याहून येऊन इथे उतरतात आणि तडक ओरछा किंवा खजुराहोची वाट धरतात. झाशी शहर मात्र बहुतेकांचे राहूनच जाते. दोन गाड्यांमध्ये सहा-सात तास असले, तर ते अगदी थोड्या पैशांत पाहून होते.

बचतीची सुरुवात तिकिटापासून होते. अंतर वाढत जाते तसा रेल्वेचा दर किलोमीटरमागचा आकार उतरत जातो. त्यामुळे तुकड्यातुकड्यांची दोन तिकिटे काढण्यापेक्षा एकच लांबचे तिकीट स्वस्त पडते, आणि त्यावर मध्ये उतरण्याची मुभाही असते. रेल्वेच्या बोलीत याला ‘ब्रेक जर्नी’ म्हणतात. तिकीट ५०० किलोमीटरहून जास्त अंतराचे असेल तर एकदा, १,००० च्या वर असेल तर दोनदा उतरता येते. दर वेळी पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस सोडून दोन दिवस मिळतात. मेख अशी, की पहिला थांबा ५०० किलोमीटर झाल्यावरच घेता येतो. मुंबईहून झाशी अकराशे किलोमीटरच्या पुढे, म्हणून दिल्लीला जाताना ती या नियमात बसते. येताना बसत नाही, कारण दिल्लीहून झाशी जेमतेम चारशे किलोमीटर. त्या दिशेने झाशीच्या बरेच पुढे जावे लागते. राजधानी, शताब्दीसारख्या गाड्यांना ही सवलतच नाही. उतरल्यावर तिकिटावर स्टेशनात शेरा मारून घ्यायचा असतो. नियम जुना आहे, पण तो ठाऊक असलेले प्रवासी थोडे.

तिकीट शोधताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. या स्टेशनाचे नाव २०२१ च्या अखेरीस ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’ असे झाले आहे.

हॉटेलचा खर्च स्टेशनच वाचवते. सामान क्लोकरूममध्ये ठेवता येते; त्यासाठी तिकीट आणि ओळखपत्र दाखवावे लागते. बॅगेला कुलूप नसेल तर मात्र ती ठेवून घेत नाहीत, म्हणून सराईत प्रवाशाच्या खिशात एखादे छोटे कुलूप असतेच. हातपाय धुवायला, कपडे बदलायला वेटिंग रूम आहे. खाण्याचे म्हणाल तर पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचे हा ‘जनता खाना’ रेल्वेच्या स्टॉलवर सर्वांत स्वस्त.

किल्ला स्टेशनपासून तीनेक किलोमीटरवर आहे. ई-रिक्षात इतरांबरोबर बसले तर भाडे फारसे पडत नाही. ओरछाचा राजा वीरसिंह देव याने हा किल्ला १६१३ मध्ये बांधला. पुढे तो मराठ्यांकडे आणि झाशीच्या नेवाळकर घराण्याकडे आला. आत ‘कडक बिजली’ ही तोफ आहे. राणी लक्ष्मीबाईने दत्तक मुलाला पाठीशी बांधून घोडा उडवला ती जागाही दाखवतात. तिथून खाली डोकावले की त्या उडीविषयी शंका येते खरी, पण तिथे गर्दी सर्वांत जास्त असते. उन्हाळ्यात इथला पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा किल्ला सकाळीच उरकलेला बरा. गावातल्या राणी महालात पुरातत्त्व खात्याने आसपासची जुनी शिल्पे मांडली आहेत. झाशीचे राजे गंगाधरराव यांच्याशी राणीचे लग्न १८४२ मध्ये जिथे लागल्याचे सांगतात, ते गणेश मंदिरही झाशीतच.

मराठी वाचकाला हे गाव एका जुन्या प्रवाशामुळे ओळखीचे आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले, तेही पैशाच्या ओढाताणीपायीच, आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा शहरातच सापडले. त्यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून आले. ते वाचून गेलेल्याला किल्ल्यावरून दिसणारे शहर निराळेच दिसते.

हाताशी वेळ जास्त असेल तर ओरछा १५-१६ किलोमीटरवर, बेतवा नदीकाठी आहे. झाशी उत्तर प्रदेशात आणि ओरछा मध्य प्रदेशात, तरी बस स्टँडवरून वडाप रिक्षा सुटतात. त्या भरल्याशिवाय हलत नाहीत, त्यामुळे परतीला तासभर जास्तीचा धरावा लागतो. तिथला जहांगीर महाल आणि नदीकाठच्या छत्र्या पाहायला तीन-चार तास लागतात. म्हणजे सात तासांत किल्ला आणि ओरछा दोन्ही उरकायचे ठरवले तर राणी महाल सोडावा लागतो.